गाण्यातून शब्द, शब्दांतून भाषा
(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या विषयावर चार शब्द बोलण्याची संधी संस्थेने दिली, याबद्दल मी आभारी आहे. मात्र सुरुवात एका कबुलीने करतो.

माझ्या उमेदीच्या काळात मराठी व उर्दू शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. मी रोज फळ्यावर दहा शब्द लिहीत असे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. दुसऱ्या दिवशी पाठांतर आणि चुकले की छडी. वर्गात एक मुलगी होती. माझ्यासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती इंग्रजीत नापास झाली आणि तिची शाळा सुटली. पुढे तिची अम्मी मला म्हणाली, "सर, घरात तर ही दिवसभर गाते. धाकट्या भावंडांना हीच गाऊन झोपवते." त्या मुलीजवळ गाणी होती आणि माझ्याजवळ नुसती यादी होती, हे मला फार उशिरा उमगले.

२००० सालापासून महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. आज बालवाडीतील मूलही इंग्रजी गाणी म्हणते. मग प्रश्न सुटला काय? मध्यंतरी एका लहान मुलीने ताऱ्याचे ते प्रसिद्ध गाणे मला घडाघडा म्हणून दाखवले. जेन टेलर या इंग्रज कवयित्रीची ही कविता १८०६ साली प्रसिद्ध झाली. मी विचारले, "बेटा, डायमंड म्हणजे काय?" ती म्हणाली, "ताऱ्याची बहीण असेल!" आपण हसलात, पण दोष तिचा नाही. आपण तिला चाल दिली, अर्थ द्यायचा राहून गेला.

गाण्याचा उपयोग नेमका कुठे होतो, ते पाहू. आपली पुष्कळ मुले 'स्कूल'ला 'इस्कूल' आणि 'स्टार'ला 'इस्टार' म्हणतात. दहा वेळा दुरुस्त करूनही ही सवय जात नाही. गाण्यात मात्र तो जादा 'इ' ठेक्यात बसत नाही, आणि मुलाचा कानच त्याला चूक दाखवतो. दुसरा फायदा यमकाचा. कॅट, रॅट, मॅट, हॅट हे शब्द एकमेकांचा हात धरून येतात. एक आठवला की बाकीचे आठवतात. 'हाय' आणि 'स्काय' यांचे यमक जुळते, पण एकाच्या शेवटी जी-एच आणि दुसऱ्याच्या शेवटी वाय. स्पेलिंगचा धडा येथेच सुरू करता येतो.

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या चारशे मुलांचा अभ्यास करून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना यमक चटकन ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनात व स्पेलिंगमध्ये सरस ठरली. काही मुलांना आवाज ओळखायला शिकवताना अक्षरेही हाताळायला दिली होती. त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. तेव्हा नुसते गाऊन थांबू नये. कान, डोळे आणि हात तिन्ही कामाला लागले पाहिजेत.

शिक्षकांना माझी विनंती अशी. आठवड्याला एकच गाणे घ्या. आधी अर्थ कृतीने दाखवा. डोके, खांदे, गुडघे यांचे गाणे असेल तर त्या त्या अवयवाला हात लावू द्या. मग पाच शब्द निवडून पुठ्ठ्यावर लिहा. शेवटी ते शब्द गाण्याबाहेर वापरा. "माझा गुडघा दुखतो" हे मुलाला इंग्रजीत सांगता आले, तर तो शब्द त्याचा झाला. जुन्या गाण्यांत आज इंग्रजांच्या घरातही न वापरले जाणारे शब्द असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नये.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांजवळ तर एक खजिनाच आहे. इक्बालांची 'एक मकडा और मख्खी' ही कविता मेरी हॉविट यांच्या १८२९ सालच्या इंग्रजी कवितेवर बेतलेली आहे. 'एक पहाड और गिलहरी' ही एमर्सनवरून घेतलेली. गोष्ट मुलाला आधीच ठाऊक असते. मग 'स्पायडर', 'फ्लाय', 'स्क्विरल' हे शब्द परके वाटत नाहीत, ओळखीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे वाटतात.

आणि मातांनो, "आम्हाला इंग्रजी येत नाही" म्हणून मागे राहू नका. मूल शाळेतून आले की त्याला विचारा, "आज कोणते गाणे शिकलास? त्याचा अर्थ मला सांग." अम्मीला अर्थ सांगताना मूलच शिक्षक होते, आणि शिकवलेले सहसा विसरत नाही. शिवाय घरच्या लोऱ्या आणि बडबडगीते सोडू नका. ज्या कानाला स्वतःच्या भाषेचा ठेका कळतो, तोच दुसऱ्या भाषेचा ठेका पकडतो.

त्या मुलीचे गेलेले वर्ष मी परत आणू शकत नाही. पण आपल्या वर्गात आज जी मुलगी गप्प बसली असेल, तिला उद्या एक गाणे म्हणायला सांगा. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.