जमिनीतील ठेवा आणि शोधयंत्र

(जीर्णोद्धार समारंभात दिलेले व्याख्यान)



मंदिराचा पाया खणावयास घेतला की गावात एक प्रश्न हटकून निघतो, "खाली काही सापडले का?" जुन्या देवळाखाली धन असते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्वी त्यासाठी मांत्रिक येत. आता यंत्र घेऊन माणसे येतात आणि खोलवरचे सोने दाखवितो म्हणून पैसे मागतात. हे यंत्र काय सांगते, काय सांगत नाही, आणि ठेवा सापडलाच तर काय करावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

धातुशोधक यंत्राचे तत्त्व साधे आहे. तारेच्या वेटोळ्यातून विजेचा बदलता प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि ते यंत्राला जाणवून आवाज होतो. मात्र खोली वाढली की ही जाणीव झपाट्याने क्षीण होते. हातात धरावयाच्या साध्या यंत्राला एकटे नाणे वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत कळते. दांडीच्या दोन टोकांना दोन पेट्या बसविलेले खास यंत्र याहून खोल जाते. पण त्याला हंडा, पेटी, तोफ अशी मोठी वस्तू लागते. सुटे नाणे त्याला कळतच नाही. सबब, वीस फुटांवरचे सोने दाखविणारा मनुष्य यंत्र दाखवून आपल्या खिशाकडे पाहत असतो, हे ओळखावे.

टेलिफोनचे जनक बेल यांनी १८८१ साली असेच यंत्र अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी वापरले. गोळी मिळाली नाही. गादीतील पोलादी स्प्रिंगा हे त्याचे एक कारण मानले जाते. आपल्या भोसरीची जमीन तर त्या गादीहून अवघड! भोवती औद्योगिक वसाहत, मातीत लोखंडी कीस, खिळे, जुने नळ आणि विजेच्या केबली. त्यातच आपला काळा कातळ लोहयुक्त असल्याने यंत्र उगाचच ओरडते.

आता शेजारचेच उदाहरण घ्यावे. चिखलीत खोदकामात मजुरांना सोन्याची नाणी सापडली. त्यांनी ती न कळविता घरी ठेवली. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ नाणी आणि कांस्याच्या भांड्याचा तुकडा ताब्यात घेतला. नाण्यांचे वजन दोन किलोहून अधिक भरले. ती अठराव्या शतकातील, मोगल बादशहाच्या नावाची होती. सोने वाचले, ही समाधानाची गोष्ट. परंतु भांडे कोणत्या थरात होते, शेजारी घराचा पाया होता की चूल, ते घाईने पुरले होते की जपून, हे जागेवर पाहण्याची संधी अभ्यासकांना मिळाली नाही. नाणी मिळाली, त्यांची हकीकत हरवली.

इंग्लंडमधील हॉक्सन गावी १९९२ साली याच्या उलट घडले. शेतात हरवलेला हातोडा शोधण्यासाठी एका गृहस्थाने यंत्र फिरविले आणि त्याला रोमन काळातील सोन्या-चांदीचा साठा लागला. थोडे उकरताच त्याने हात आवरला आणि लगोलग वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनी येऊन वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या होत्या त्याच क्रमाने काढल्या. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली, आणि ती लाकडी पेटीत कशी रचली होती तेही कळले. शोधणाऱ्यास आणि शेतकऱ्यास मोबदला मिळाला. आज तो हातोडासुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) दायमाबादचे उदाहरणही बोलके आहे. १९७४ साली एका ग्रामस्थास झाडाची मुळे खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी कांस्याची चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकूण वजन सुमारे साठ किलो. जगभर त्यांची कीर्ती झाली. पण शास्त्रीय उत्खननात, थराथरातून ती निघाली नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे.

शिवाय सर्वच ठेवा धातूचा नसतो. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, जळके धान्य आणि घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली बालके आढळली. या वस्तूंवर कोणतेही धातुशोधक यंत्र वाजले नसते. वाजते म्हणून तिथेच खड्डा घेणारा मनुष्य असल्या गोष्टी कुदळीने फोडून टाकतो.

आता कायद्याविषयी. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर देणे बंधनकारक आहे. काय सापडले, कोठे आणि केव्हा, एवढे त्यात लिहावे. चौकशीअंती ठेवा बेवारस ठरला आणि जागा दुसऱ्याची असली, तर वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश आणि जागामालकास एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. शासनास ठेवा हवा असल्यास धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश रक्कम देऊन तो घेता येतो. लपविणाऱ्याचा मात्र हिस्सा बुडतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे खबर देण्यात तोटा नाही, लपविण्यातच आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या कायद्याचे नियंत्रण आहे. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणाऱ्यास महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली शिक्षा होते.

भोसरीचे जुने नाव भोजापूर असे वडीलधारी मंडळी सांगतात. पण त्या जुन्या गावाचा पुरावा पोथीत थोडा आणि मातीत अधिक असणार. ती माती तर रोज डंपरने उचलली जात आहे. तेव्हा पाया खणताना जुनी वीट, घडीव दगड, वीरगळ, मडके वा नाणे दिसले, तर काम त्या जागी थांबवावे. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. हलविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि खोली टेपने मोजून लिहून ठेवावी. तलाठी, तहसील कार्यालय किंवा पोलीस ठाण्यात वर्दी देऊन पोच घ्यावी. काम चार दिवस लांबेल, मुकादम कुरकुर करील. पण मातीचा थर एकदा उकरला की तो पुन्हा कोणालाही वाचता येत नाही.

देवळासाठी ग्रामस्थांनी ज्या भावनेने वर्गणी दिली, त्याच भावनेने पायाखालची मातीही सांभाळावी, एवढी विनंती करून हे भाषण येथे पुरे होते.