चित्रात जीव येतो तो असा

शिरूर-दौंड भागातल्या आपल्या बचत गटांतल्या सुना-मुली मोबाईलवर चित्रांची फिल्म करताहेत. विषय आहे कर्जाचा कागद. वाचता न येणाऱ्या बाईलाही ती कळायला हवी, म्हणून चित्रातली बाई खरी वाटली पाहिजे.

सेकंदाला १२ फोटो पुरतात. दोन फोटोंत फरक थोडा ठेवला तर हालचाल सावकाश होते, जास्त ठेवला तर वेगात. भरलेली घागर उचलताना बाई आधी वाकते, तशी चित्रातही वाकू द्या. ती थांबली तरी पदर क्षणभर हलू द्या. आणि अंगठा टेकवण्याआधी तिचा हात जरा मागे येऊ द्या. त्या थांबण्यातूनच बघणारीला कळेल, की आधी विचारायचं असतं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून रोज त्याचं चित्र टिपलं. पडद्यावर रोप वाढताना दिसलं, तेव्हा सिनेमासाठी कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंनी तर दागिनेही दिले. रोज एकच चित्र, पण त्यानं माणसांचा विश्वास बसला.

तेव्हा घाई नको. आधी माणसं नीट बघा, मग चित्र हलवा.