विल्यम महोन : कर्जाच्या प्रश्नावर उभी राहिलेली युती
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील जनतेला अर्पण केला, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या मुक्तीनंतरच्या दहा-वीस वर्षांत मुक्त झालेल्यांच्या वाट्याला काय आले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आज मी ज्या सेनेटरविषयी बोलणार आहे, त्यांची कारकीर्द नेमकी त्या काळातील आहे.

व्हर्जिनियाचे विल्यम महोन यांचा जन्म १८२६ सालचा. वडील खाणावळ चालवीत. मुलगा रेल्वेचा इंजिनियर झाला, रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूचा सेनापती. पीटर्सबर्गच्या वेढ्यात ३० जुलै १८६४ रोजी उत्तरेच्या सैन्याने सुरुंग उडवून मोठे विवर पाडले, तेथे महोन यांच्या तुकड्यांनी प्रतिहल्ला चढविला. त्या दिवशी शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली. आणि त्याच दिवसाने महोन गोऱ्या दक्षिणेचे वीरपुरुष ठरले! पुढे याच गृहस्थांना कृष्णवर्णीयांनी हजारोंनी मते दिली. हे कसे घडले, ते समजण्यासाठी कर्जरोख्यांच्या हिशेबात शिरावे लागते.

युद्धापूर्वी व्हर्जिनियाने कालवे, रस्ते व रेल्वेसाठी प्रचंड कर्ज काढले होते. थकलेल्या व्याजासह ते १८७० च्या सुमारास साडेचार कोटी डॉलरांवर गेले. १८७१ च्या कायद्याने त्याचा दोनतृतीयांश भार सहा टक्के व्याजाने राज्याने पत्करला. शिवाय रोख्यांच्या व्याजाची कूपने करभरणा म्हणून स्वीकारण्याचे बंधन घालून घेतले. परिणाम उघड होता. तिजोरीत रोकड येण्याऐवजी कूपनांचे कागद येऊ लागले, शाळांसाठी राखलेला पैसा सावकारांकडे वळला आणि गावोगावच्या शाळांना टाळी लागली. राज्यकर्त्या धनिकांना ही राज्याच्या अब्रूची किंमत वाटत होती. ज्यांची मुले या शाळांत शिकत, ते गरीब गोरे आणि नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय, दोघेही ती किंमत मोजत होते.

१८७९ साली महोन यांनी कर्जाच्या फेरमांडणीची मागणी करणारा 'रीॲडजस्टर' पक्ष उभारला. सेनेटरची निवड तेव्हा राज्याचे विधिमंडळ करी. त्या विधिमंडळात पक्षाला बहुमत मिळाले आणि महोन सेनेटर झाले. १८८१ च्या मार्चमध्ये ते वॉशिंग्टनला पोहोचले तेव्हा सेनेटमध्ये दोन्ही मोठ्या पक्षांचे ३७-३७ सदस्य होते. महोन रिपब्लिकनांच्या बाकांवर जाऊन बसले आणि तराजू झुकला. गद्दारीचे आरोप झाले. महोन यांनी या एका मताची किंमत पुरेपूर वसूल केली. व्हर्जिनियातील टपाल व जकात खात्यांतील नेमणुका त्यांच्या हाती आल्या.

राज्यातील काम मात्र खरे होते. १८८२ च्या रिडलबर्गर कायद्याने मुद्दल सुमारे दोन कोटी दहा लाखांवर आणि व्याज तीन टक्क्यांवर आले. मतदानासाठी भरावा लागणारा डोईकर गेला. फटक्यांची शिक्षा देण्याचा खांब गेला. शाळा पुन्हा उघडल्या, कृष्णवर्णीय शिक्षक नेमले गेले, आणि कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी पीटर्सबर्ग येथे सरकारी संस्था स्थापन झाली. अवघ्या तीन-चार वर्षांचा हा हिशेब आहे. युद्धानंतरच्या दक्षिणेत अशी मिश्र सत्ता इतके काही करून गेल्याचे उदाहरण विरळा.

मग ती कोसळली कशी? महोन यांची हुकूमशाही वृत्ती हे एक कारण नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पक्षाच्या बैठकीत ठरेल तसेच मत देऊ, अशी लेखी हमी ते आमदारांकडून घेत. १८८२ साली त्यांचेच चार सेनेटर राज्याच्या सभागृहात उलटले. पण माझ्या मते खरे कारण दुसरे आहे. १८८३ साली डेमोक्रॅटांनी शहाणपणा केला. रिडलबर्गर कायदा आम्हांस मान्य आहे, असे त्यांनी जाहीर करून टाकले. ज्या प्रश्नावर युती उभी होती तो प्रश्नच मैदानातून उचलला गेला. उरला तो वर्णाचा प्रश्न. त्यावर महोन यांच्यापाशी उत्तर नव्हते. शाळा वेगळ्याच राहतील, सामाजिक समतेशी आमचा संबंध नाही, असेच त्यांचे लोक सांगत आले होते. मते एकत्र, पंगती वेगळ्या!

निवडणुकीच्या तोंडावर, शनिवारी, ३ नोव्हेंबर १८८३ रोजी डॅनव्हिल गावात ठिणगी पडली. रस्त्याच्या कडेच्या पायवाटेवर एका गोऱ्याला कृष्णवर्णीयाचा धक्का लागला, एवढेच निमित्त. वाट कोणी कोणाला द्यायची, हा त्या गावातला प्रश्न व्याजदराहून मोठा ठरला. गोळीबारात चार कृष्णवर्णीय आणि एक गोरा असे पाच जण ठार झाले. दहशतीने डॅनव्हिलमधील अनेक कृष्णवर्णीय मतदार घराबाहेर पडले नाहीत, आणि वर्णभयाच्या प्रचारावर डेमोक्रॅटांनी विधिमंडळ जिंकले. पुढच्याच वर्षी मतदानाची यंत्रणा कायद्याने त्यांच्या ताब्यात गेली. महोन यांची सेनेटची मुदत १८८७ साली संपली.

त्यानंतरची एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. १८८८ साली जॉन मर्सर लँग्स्टन हे नामवंत कृष्णवर्णीय नेते काँग्रेसच्या निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा महोन यांनी त्यांच्याविरुद्ध गोरा उमेदवार पुढे केला. कृष्णवर्णीयांची मते त्यांना हवी होती. कृष्णवर्णीयांचे नेतृत्व नको होते. लँग्स्टन यांनी निकालाला आव्हान दिले आणि १८९० साली आपली जागा मिळविली. महोन १८८९ साली गव्हर्नरपदासाठी लढले व हरले. १८९५ साली ते वारले.

१९०२ साली व्हर्जिनियाने नवी घटना केली आणि ती मतदारांपुढे न ठेवताच जारी केली. डोईकर परत आला, तो १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेच गेला. त्याच १९०२ साली पीटर्सबर्गच्या संस्थेतील महाविद्यालयीन शिक्षण काढून घेऊन तिच्या नावात 'औद्योगिक' हा शब्द घालण्यात आला. पदवीचे वर्ग तेथे पुन्हा सुरू व्हायला दोन दशके लागली. कर्जाची रिडलबर्गर तडजोड मात्र कोणी मोडली नाही.