आमदारसाहेब गावात येतात तेव्हा
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त नवलाख उंबरे येथे केलेले भाषण)



कीर्तनकार महाराजांच्या गोड वाणीनंतर माझ्यासारख्या तालुका कचेरीतील कारकुनाने उभे राहावे, हे म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत शेवटी कोरडी भाकर वाढण्यासारखे आहे. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे. वक्तृत्वाचा सराव नाही. परंतु समितीने आज्ञा केली की, "लोकप्रतिनिधी आणि गाव या विषयावर दोन शब्द बोला, तुमचा रोजचा संबंध आहे." वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून उभा आहे. हे व्यासपीठ देवाचे आहे, म्हणून कोणत्याही पक्षाची बाजू मी घेणार नाही. आज पदावर असलेल्या कोणाची स्तुती नाही, निंदाही नाही.

प्रथम आमदार म्हणजे काय, ते थोडे पाहू. आपल्या राज्याच्या विधानसभेत २८८ सभासद आहेत आणि मावळचा त्यांत एक आहे. कायदे करणे, राज्याच्या अंदाजपत्रकास मंजुरी देणे आणि सरकारला जाब विचारणे, ही त्यांची मुख्य कामे. वर्षातून तीन अधिवेशने भरतात. अर्थसंकल्पाचे व पावसाळी अधिवेशन मुंबईस, तर हिवाळी अधिवेशन प्रथेप्रमाणे नागपुरास. बाकीचे दिवस आमदार आपल्या मतदारसंघात असतात. लग्न, दहावा, सप्ताह, कुस्त्यांचा आखाडा, शाळेचे स्नेहसंमेलन, सर्वत्र त्यांना बोलावणे असते, आणि न आल्यास आपणच रुसतो.

आता त्यांची भेट आपल्याकडे कशी होते, ते आठवा. मोटारी येतात, फटाके वाजतात. वेशीपासून देवळापर्यंत मिरवणूक निघते. शाल, श्रीफळ, फेटे. पंचवीस जणांचे सत्कार, पंचवीस जणांचे फोटो. मग प्रास्ताविक, स्वागतगीत, मनोगते. साहेबांना पुढच्या गावी जायची घाई. मोटारीचे दार बंद होताना कोणीतरी धावत जाऊन घडी घातलेला एक कागद हातात देतो. गावाच्या चार वर्षांच्या अडचणीला एवढाच अर्धा मिनिट मिळतो! पाहुण्याचा मान ठेवावा, ती आपली रीत आहे. पण पाहुणा ज्या कामासाठी आहे ते काम सांगायचेच राहून गेले, तर त्या मानाचा उपयोग काय?

त्या कागदाचे पुढे काय होते, हे मी रोज पाहतो. त्यावर शेरा पडतो, "योग्य त्या कार्यवाहीस्तव." कागद कचेरीत येतो, आवक नोंदवहीत त्यास क्रमांक मिळतो आणि तो संबंधित शाखेकडे जातो. कागदावर लिहिलेले असते, "आमच्या वस्तीचा रस्ता करून मिळावा ही नम्र विनंती." कोणता रस्ता? कोठून कोठपर्यंत? जागा सरकारी की खाजगी? ग्रामसभेचा ठराव कोठे आहे? काहीच नसते. मग तो कागद माहिती मागवण्यासाठी परत फिरतो, आणि गाव म्हणते, "आमदारांनी काही केले नाही." कागद जर धड नसेल तर आमदार काय, मुख्यमंत्रीही त्यावर काही करू शकणार नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे कोणते दार ठोठवायचे ते ठाऊक नसणे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. औद्योगिक क्षेत्राच्या आतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे असतात. विजेचा खांब महावितरणकडे, एस.टी.ची फेरी आगाराकडे, सातबारावरची नोंद तलाठी व मंडल अधिकाऱ्यांकडे. आमदार फंडाचे म्हणाल तर सन २०२२ मध्ये तो प्रत्येक आमदारास वर्षाला पाच कोटी रुपये करण्यात आला. परंतु ते पैसे आमदारांच्या खिशात नसतात. ते काम सुचवतात, मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम सरकारी यंत्रणा करते. एवढे समजले तरी निम्मे गैरसमज दूर होतील.

आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. आपल्या शिवारात कारखानदारी आली. जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सन २००८ मध्ये येथे सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि कामगारांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. पुढे तो कारखाना ह्युंदाई कंपनीने घेतला. जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला काम मिळावे की नाही, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या हातातला नाही आणि तहसीलदारांच्याही नाही. तो प्रश्न कामगार व उद्योग खात्याचा. तो विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणून, लक्षवेधी सूचना म्हणून जाऊ शकतो, आणि मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते. आमदारांकडे मागायचे ते हे. गटाराच्या झाकणासाठी त्यांच्यामागे धावायचे आणि ज्या गोष्टी फक्त तेच करू शकतात त्या सांगायच्या नाहीत, हे उलटे झाले.

गावच्या भेटीतून केवढे मोठे काम उभे राहू शकते, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. वि. स. पागे साहेब हे सन १९६० ते १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. ते मूळचे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील विसापूरचे. एवढ्या मोठ्या पदावर असूनही गावाशी त्यांची नाळ तुटली नाही. आपल्या भागातील शेतमजुराच्या हाताला वर्षभर काम का मिळत नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. त्यातून सन १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. पुढे सन १९७२ चा भीषण दुष्काळ पडला. आमच्या आई-वडिलांच्या पिढीने तेव्हा खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या काळात तीच योजना लाखो लोकांचा आधार झाली. सन १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा कायद्याने दिलेला हक्क झाला. सन २००५ मध्ये देशाने कायदा केला तेव्हा महाराष्ट्राची ही वाट पुढे होतीच. एका सभापतीने आपल्या गावातील मजुराचे म्हणणे मनावर घेतले, त्याचे हे फळ!

दुसरे नाव सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे. ते सन १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. आमदार असून एस.टी.ने प्रवास करणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस सत्कार करीत नाही, अडचण सांगतो. दुष्काळी सांगोल्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरला. दोन वेळा ते पराभूतही झाले, तरी लोकांतून उठले नाहीत.

आपल्या मावळातही कृष्णराव भेगडे साहेब होऊन गेले. सन १९७२ व १९७८ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले, पुढे विधान परिषदेवरही होते. ३० जून २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. तळेगावच्या शिक्षणसंस्था वाढवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या शाळा-कॉलेजांत खेड्यापाड्यांतील किती मुले शिकून मोठी झाली, याची मोजदाद नाही. लोकप्रतिनिधीची भेट ही मिरवणुकीपुरती नसते, हे अशा माणसांकडे पाहून कळते.

आता मन जड करणारी गोष्ट सांगतो. १५ जून २०२५, रविवार. आपल्या जवळच्या कुंडमळ्यावर इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार माणसे प्राणास मुकली, पुष्कळ जखमी झाली. तो पूल धोक्याचा आहे हे लोकांना ठाऊक होते. नव्या पुलासाठी निधी मंजूर होता, असेही त्या वेळी शासनातर्फे सांगण्यात आले. परंतु नवा उभा राहण्यापूर्वी जुना गेला. दोष कोणाचा हे ठरवण्याचे हे ठिकाण नाही, माझा अधिकारही नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, मागणी मान्य होणे आणि काम उभे राहणे यांच्यामध्ये लांबलचक वाट असते. मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, या एकेका पायरीवर कागद थांबतो. पेपरात "मंजूर" असे छापून आले की आपण पेढे वाटतो आणि विसरतो. पेढे वाटायचे असतील तर पहिले वाहन पुलावरून गेल्यावर वाटावेत. तोपर्यंत दर महिन्याला विचारत राहावे, "साहेब, कोठवर आले?" असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. त्याने माणसांचे जीव वाचतात.

आणखी एक बाब. आमदारसाहेबांची गाडी डांबरी जेथे संपते तेथे वळते. त्या पलीकडे ठाकरवस्ती असते, कातकरी वाडी असते. तेथील माणूस मिरवणुकीत नसतो, कारण त्या दिवशी तो मजुरीस गेलेला असतो. जातीचा दाखला नाही, रेशनकार्डावर सुनेचे नाव नाही, ही त्याची अडचण व्यासपीठापर्यंत पोहोचतच नाही. तीच गोष्ट निराधार म्हाताऱ्या आई-बायांची. संजय गांधी निराधार अनुदान योजना सन १९८० पासून आहे, तालुक्याला तिची समिती असते. पण अर्ज भरून द्यायला कोणी नसेल तर योजना कागदावरच राहते. म्हणून माझी विनंती आहे की, पुढल्या भेटीत पहिला अर्धा तास वाडी-वस्तीवर न्यावे आणि सत्कार त्यानंतर ठेवावा. साहेबही नाही म्हणणार नाहीत. उलट चार हार कमी झाले म्हणून त्यांचीही मान मोकळी होईल!

काही गोष्टींसाठी तर आमदारांना भेटण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम सन २०१५ मध्ये आला. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा तुमचा हक्क आहे. न मिळाल्यास अपील आहे, आणि विनाकारण विलंब करणाऱ्यास दंडही आहे. सन २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याप्रमाणे साधारणपणे कोणतीही फाईल कर्मचाऱ्याने सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवायची नाही. त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो. मी स्वतः कचेरीतला माणूस असून हे तुम्हाला सांगतो आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याला आपला हक्क ठाऊक आहे, त्याचे काम करणे आम्हालाही सोपे जाते. तो हात जोडून उभा राहत नाही, कागद पुढे ठेवतो.

सन २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची व पंचायत समित्यांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे तेथे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात गावाला विचारायला सदस्यच नव्हता, सारा भार आमदारांवर आला. त्यातून आपण एक धडा घ्यावा. गावाचा आवाज एकाच माणसावर विसंबून नसावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना कोरम भरत नाही आणि आमदारांच्या सभेला मांडव पुरत नाही, हे बरे नव्हे. ग्रामसभेचा ठराव हेच तुमचे खरे बळ आहे. तो हाती असला की आमदारांच्या शब्दालाही वजन येते.

शेवटी समितीपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. जीर्णोद्धाराच्या कामात आपण एक वही ठेवली. कोणी किती दिले, सिमेंट किती आले, गवंड्याची मजुरी किती गेली, पैशा-पैशाचा हिशोब त्यात आहे. ज्याने एकवीस रुपये दिले त्याचेही नाव आहे आणि ज्याने लाख दिले त्याचेही. त्या वहीमुळेच लोकांनी विश्वास टाकला आणि देवालय कळसाला गेले. तशीच दुसरी वही गावाच्या कामांची ठेवावी. कोणती मागणी, ठरावाचा दिनांक, कोणत्या कचेरीत दिली, आवक क्रमांक काय, पुढे काय झाले. दर एकादशीला भजन संपल्यावर ती पाच मिनिटे वाचावी. आमदारसाहेब येतील तेव्हा नारळाबरोबर ती वहीही त्यांच्या हाती द्यावी. मग पुढारी कोणीही असो, पक्ष कोणताही असो, गावाचे काम विसरले जाणार नाही.

मंदिर वर्गणीतून होते, आपण ते करून दाखवले. पूल, दवाखाना, पाण्याची टाकी वर्गणीतून होत नाही. त्यासाठी आपण कर भरतो, मत देतो. त्याचा हिशोब मागणे हाही धर्मच आहे. ज्या एकीने आपण कळस चढवला, त्याच एकीने तो मागावा.

माझ्या बोलण्यात कोणास काही कमी-जास्त वाटले असल्यास उदार मनाने पोटात घालावे. 

रामकृष्ण हरी! जय हिंद, जय महाराष्ट्र!