रक्ततपासणीचा कागद

तालुक्याला जाऊन रक्त तपासून घेतलं, की हाती एक कागद येतो. एका रकान्यात आपला आकडा, शेजारी मर्यादा. आकडा मर्यादेबाहेर गेला, की तो ठळक छापतात. आणि तो पाहून घरात कुणाला घास गोड लागत नाही.

ही मर्यादा येते कोठून? पुष्कळशा निरोगी माणसांचं रक्त तपासतात, आकडे चढत्या क्रमानं मांडतात आणि खालचे अडीच व वरचे अडीच टक्के वगळतात. मधले ९५ टक्के, ती बहुतेक तपासण्यांची मर्यादा. म्हणजे शंभरांतली पाच निरोगी माणसं मुळातच तिच्याबाहेर राहतात! एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या धडधाकट माणसाच्या केल्या, तरी निदान एक आकडा बाहेर पडण्याचा संभव सुमारे ६४ टक्के असतो. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर करून दाखवावं.

मग ठळक आकडा सोडून द्यावा काय? मुळीच नाही. तो किती बाहेर आहे, दुसऱ्यांदा तपासल्यावरही तसाच येतो का, आणि माणसाला त्रास काय होतो, हे डॉक्टर एकत्र पाहतात. आकडा रेघेच्या जरासा पलीकडे असणं वेगळं आणि फार दूर जाणं वेगळं.

याची दुसरी बाजूही आहे. हिमोग्लोबिनची रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं आखून दिली आहे: शंभर मिलिलिटर रक्तात प्रौढ पुरुषाला १३ ग्रॅम, गरोदर नसलेल्या स्त्रीला १२. "आमच्याकडं साऱ्याच बायकांचं नऊ-दहा असतं," असं म्हणून पुष्कळ घरांत कागद फळीवर जातो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण सर्रास आढळतं ते निरोगी, असं नव्हे. शिवारभर तांबेरा पडला म्हणून तो काही गव्हाचा रंग ठरत नाही!

आणखी एक. जुने कागद जपून ठेवा. ज्या पुरुषाचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं साडेपंधरा होतं, ते सव्वातेरावर आलं, तर कागदावर काहीच ठळक दिसणार नाही. पण रक्त कुठं झिरपतं आहे का, हे डॉक्टरांना पाहावं लागेल. त्यांना ते कळणार आपल्या जुन्या कागदावरूनच.