परवान्याबरोबर प्रशिक्षणही हवे

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपणांपुढे मांडून झाला आहे. आता ताळेबंदात न दिसणाऱ्या एका विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात शेतीसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आहेत. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून भात, नारळ, केळी राखणे किती कठीण झाले आहे, हे या सभेत कोणास सांगावयास नको. तेव्हा बंदूक असावी की नसावी, हा आमचा विषय नाही. ती बाळगणाऱ्यास सुरक्षित हाताळणीचे शिक्षण सक्तीचे असावे काय, एवढाच प्रश्न आहे. आणि ते असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिकांच्या रक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियम, १९५९ मध्येच आहे. हे गरीब शेतकऱ्याचे हत्यार. मात्र त्याची एक खोड आहे. कारतुसाच्या बंदुकीतून काडतूस काढून घेता येते. ठासणीच्या नळीत दारू आणि छर्रे एकदा गजाने ठासले की बार उडविल्यावाचून ती रिकामी करणे जिकिरीचे होते. त्यामुळे रात्रीच्या राखणीवरून परतलेला माणूस भरलेली बंदूक तशीच भिंतीला टेकवून झोपतो. सकाळी त्याच खोलीत मुले वावरत असतात. दारू अंदाजापेक्षा जास्त पडली तर नळी फुटून बोटे जातात. जवळून लागलेले छर्रे कपड्याच्या चिंध्या आणि माती घेऊनच मांसात शिरतात. अशी जखम एकदा धुऊन भागत नाही, हे आमच्या शस्त्रक्रिया विभागातील परिचारिकांस विचारावे.

शहरातही निराळे नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली.

शस्त्र नियम, २०१६ मधील दहाव्या नियमाने परवान्याच्या अर्जदारास सुरक्षा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. परंतु ज्यांच्या घरी बंदूक वर्षानुवर्षे आहे, त्यांचे काय? त्यांना गाठण्याची जागा म्हणजे परवान्याचे नूतनीकरण. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. म्हणजे ही संधीही आता उशिरा येते. प्रत्येक नूतनीकरणास उजळणी बंधनकारक करावी, असे आम्हांस वाटते. रुग्णालयात क्ष-किरण यंत्रास अप्रशिक्षित मनुष्य हात लावू शकत नाही, आणि त्याबद्दल कोणी कुरकुरही करीत नाही.

शेतकऱ्याच्या डोक्यावर आणखी एका कागदाचे ओझे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. आमची हयात कागदांत गेली असल्याने, नुसते प्रमाणपत्र किती सहज मिळविता येते हे आम्ही जाणतो. मजुरी बुडवून आणि एस.टी.चे भाडे भरून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागणार असेल, तर लोक प्रशिक्षण टाळतील व कागद तेवढा मिळवतील. म्हणून ते तालुक्यातच, विनामूल्य, भाताची लावणी सुरू होण्याआधी आणि आपल्या बोलीत व्हावे. घरातील स्त्रियांनाही सोबत बसवावे. कारण बंदूक कोठे ठेवली आहे आणि ती भरलेली आहे काय, हे पुष्कळदा त्यांनाच पाहावे लागते. बार कोठे उडवून नळी रिकामी करावयाची, दारू आणि टोप्या निरनिराळ्या कुलपांत कशा ठेवावयाच्या, रक्त थांबविण्यासाठी जखम कशी दाबून धरावयाची, एवढे अर्ध्या दिवसात शिकविता येईल.

यातील शेवटचा भाग आमचे डॉक्टर आणि परिचारिका शिकवू शकतील. बंदुकीचा भाग पोलीस दलाचा. त्यासाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे विनंतीपत्र पाठविण्यास विश्वस्त मंडळाने अनुमती द्यावी. तळमजल्यावरील सभागृह रविवारी रिकामेच असते. चहापाण्याचा खर्च आरोग्यशिक्षणाच्या खात्यातून भागेल, याची तजवीज आम्ही पाहिली आहे.