शाळेचे दप्तर आणि संगणकातील कपाट

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात एका शाळेत एक वृद्ध गृहस्थ आपल्या जन्मतारखेचा उतारा मागावयास आले. जनरल रजिस्टराचे ते पान वाळवीने खाल्ले होते. सुदैवाने सर्व पाने पूर्वीच स्कॅन करून ठेविलेली होती. परंतु संगणकात 'स्कॅन १', 'स्कॅन २' अशा नावांच्या शेकडो फायली निघाल्या. पान सापडले ते तिसऱ्या दिवशी. तोवर ते गृहस्थ रोज येऊन व्हरांड्यात बसत होते. मी हे स्वतः पाहिले आहे.

ही अडचण दूर करणारे एक साधन आज आपल्यापुढे ठेवतो. 'पेपरलेस-एनजीएक्स' हे कागदपत्रे सांभाळणारे सॉफ्टवेअर विनामूल्य असून २०२२ पासून स्वयंसेवक त्याची जोपासना करीत आहेत. प्रथम संगणकावर 'डॉकर' बसवावे. त्याच्या साहाय्याने पेपरलेस व त्यास लागणारा डेटाबेस ही एकत्र सुरू होतात. हा संगणक म्हणजेच आपला सर्व्हर. शाळेतील इतर संगणकांवरून ब्राउझरने तो उघडता येतो. ठरविलेल्या फोल्डरात स्कॅन टाकले, की सॉफ्टवेअर ते उचलते, त्यातील अक्षरे वाचते आणि मूळ प्रत जपून शोधयादीत नोंद करते.

मांडणी करताना चार गोष्टींची दक्षता घ्यावी.

पहिली, भाषा. मूळ योजनेत वाचनाची भाषा इंग्रजी असते. म्हणून मराठीची वाचनसामग्री बसविणे आणि वाचनासाठी मराठी निवडणे, अशा दोन्ही नोंदी कराव्यात. एक जरी राहिली, तरी छापील मराठी परिपत्रक शोधात सापडणार नाही.

दुसरी, हस्ताक्षर. हे यंत्र छापील अक्षर वाचते. आपल्या पूर्वसूरींचे शाईचे अक्षर त्याच्याने धड वाचवत नाही. म्हणून प्रत्येक पानास रजिस्टराचे नाव, वर्ष व 'क्रमांक अमुक ते अमुक' असे शीर्षक द्यावे आणि त्या पानावरील मुलांची नावे मजकुराच्या रकान्यात स्वतः टंकावीत. काम कंटाळवाणे खरे. परंतु त्या गृहस्थांचे तीन दिवस याच कामाअभावी गेले.

तिसरी, गोपनीयता. यात कागद कुलूपबंद लिपीत साठविले जात नाहीत. मुलांच्या जाती व जन्मतारखा त्यात आहेत. सर्व्हर शाळेच्या अंतर्गत जाळ्यापुरताच ठेवावा, इंटरनेटवर उघडा करू नये. परवलीचा शब्द फळ्यावर लिहू नये.

चौथी, दुसरी प्रत. सॉफ्टवेअरमध्ये निर्यातीची सोय आहे. दरमहा निर्यात करून ती प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत ठेवावी. वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर त्याच आवृत्तीचे रिकामे सॉफ्टवेअर बसवून ती प्रत परत भरून पाहावी. परत भरून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबून राहू नये.

आणि स्कॅन झाले म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत टाकू नये. ते कायम जतन करावयाचेच आहे.

आपणांस माझी एवढीच विनंती आहे. शाळेतील सर्वांत जुन्या रजिस्टरापासून प्रारंभ करावा. दहा पाने झाली, की ते काम ज्यांनी केले नाही अशा सहकाऱ्यास एक नाव द्यावे आणि पान शोधावयास सांगावे. त्यास ते सापडले, तर मांडणी बरोबर आहे असे समजावे. न सापडल्यास अकरावे पान घेण्यापूर्वी ती सुधारावी.